झुलालची सव्वा मूठ

झुलाल मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. धुळ्यात आग्रा रोडवर माझ्या स्कूटरचा आरसा त्याच्या ट्रकला घासला, एवढंच निमित्त. ट्रकमधून एक डोंगर खाली उतरला, त्याने मला स्कूटरसकट उचललं आणि मागच्या कांद्याच्या पोत्यांवर नेऊन ठेवलं. स्कूटर चालूच होती. तिथून मला अख्खं धुळे, पांझरेचा पूल दिसला आणि हवा स्वच्छ असती तर सुरतसुद्धा दिसली असती.

"भाऊ, आता उतरू कसा?" मी विचारलं.

"ते तुनं तू देख."

मग स्कूटरवर रंगवलेलं माझ्या औषधाच्या दुकानाचं नाव त्याने वाचलं आणि एकदम मऊ झाला. "मेडिकलवाला शेस का? मंग हाताले काही मलम दे ना भो. काल एकले मारं, हात सुजना."

अशी आमची मैत्री झाली. तो लोकांना मारायचा आणि मी त्याच्या हाताला मलम द्यायचो. ज्यांना मारायचा तेही माझ्याकडेच यायचे. धंदा बरा चालला होता.

त्याच्या गावात झुलालला भीत नसे असं एकच माणूस होतं, त्याची बायको कुंदाबाई. ती त्याच्या खांद्याला लागायची, पण तिच्या हातात मुसळ असलं की उंचीचा हिशेब बदलायचा.

चौऱ्याण्णव साली हा डोंगर खचायला लागला. ताप, जुलाब, तोंडात पांढरा बुरा. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. बातमी झुलालच्या आधी गावात पोचली.

आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदकीतला वडीलधारा माणूस गहू काढतो. प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पोरगं पाळण्यात असलं तरी त्याची मूठ निघते. ज्याची निघत नाही तो एकतर परका, नाहीतर मेलेला. त्या वर्षी पितांबर आबांनी सगळ्यांच्या मुठी काढल्या आणि झुलालची वगळली.

"आबा, मनी मूठ?" दारात उभा राहून झुलाल म्हणाला.

आबांच्या आधी त्याचा चुलतभाऊ मगन बोलला. या मगनला झुलालने दर पोळ्याला न चुकता बदडलेलं. "तू बाटेल शेस. घर जाय."

झुलालने मूठ उगारली. त्या मुठीने मगनच्या गालावरची माशीसुद्धा उठली नाही. मगनने काठी घातली, झुलालच्या गळ्याचं हाड कट्कन मोडलं. मग चौघा भावांनी त्याला लाथांखाली घेतलं. इतक्या वर्षांची उधारी त्यांनी बरगड्यांवर फेडली. शेवटी भुवई फुटली आणि रक्ताची धार लागली, तसा कोणीतरी ओरडला, "रगत! रगत लागी!" आणि सगळे पळाले. एक गोठ्यात शिरला, एक लिंबावर चढला. जन्मभर ज्याच्या मुठीला भ्याले, त्याच्या भुवईला भिऊन पळाले.

कुंदाबाईने पदर फाडून जखम बांधली. मग मुसळ घेऊन मगनचं दार फोडलं आणि मगनचा गुडघाही फोडला. परत येऊन नवऱ्याला बजावलं, "पुढली कानबाईले तुनी मूठ निघाले पाहिजे. तवलगून तुले मराले सुट्टी नही."

औषधासाठी ट्रक विकला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दोघं माझ्या दुकानात आली. गोळीचं नाव झिडोवुडीन. मी ती मुंबईहून मागवायचो. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की गोळी रोग काढत नाही, थोपवते, आणि एकट्या गोळीचा जोर फार दिवस टिकत नाही. झुलालला त्यातलं "थोपवते" एवढंच ऐकू आलं. थोपवणं म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण सुरुवातीला गोळीने त्यालाच आडवं केलं. उलट्या झाल्या. अंगातलं रक्त इतकं घटलं की बाटली चढवावी लागली, डॉक्टरांनी गोळी कमी केली. "नही खात," म्हणून त्याने भिंतीवर डोकं आपटलं. कुंदाबाईने विचारलं, "गोळी खास का मुसळ?" त्याने गोळी खाल्ली.

गोळीने नखं काळीनिळी पडली. गावात बोलवा उठली की झुलाल डांबर प्यायला. त्याला भलताच आनंद. "आते नुसतं बोट दाखाडं तरी मगन मुतस."

हळूहळू भूक परतली, तोंड निवळलं, खांदे भरले. डॉक्टर वजन बघायचे. कुंदाबाईचं माप निराळं होतं. एक दिवस ती पेढे घेऊन दुकानात आली. "मेडिकलवाला भाऊ, गोळी लागू पडनी! आज त्यासनी दूधवालाले फेकं!"

पंच्याण्णवचा श्रावण आला. आबांच्या ओसरीवर सुपात गहू पडत होता. झुलाल आत शिरला. मगन लंगडत आडवा आला, काठी उचलली. झुलालने ती हिसकावून मांडीवर मोडली आणि मूठ हाणली. मगन उतरंडीवर जाऊन कोसळला, मडकी फुटली, आणि त्याचे दोन दात टपटप सुपातल्या गव्हात पडले.

सगळे थिजले. भांडणाचं कोणाला काही नव्हतं. पण दात पडलेला गहू कानबाईला कसा चालणार?

"बाटना रे गहू!" आबा कपाळाला हात लावून ओरडले. "पहिलापासून मोजना पडी!"

"मोजा ना," झुलाल म्हणाला आणि रक्ताळलेली मूठ आबांच्या कानाशी धरून उभा राहिला.

आबांनी नव्या सुपात मुठी टाकायला सुरुवात केली. प्रत्येक मुठीबरोबर एक नाव. मगनचंही घेतलं. मग हात अडला.

"झुलाल," आबा पुटपुटले.

"मोठ्यानं, आबा."

"झुलाल!" आबा किंचाळले, आणि सव्वा मूठ सुपात पडली.

त्या दिवशी पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हैस बसेल एवढी जागा सोडलेली होती. झुलालने दोन्हीकडे पाय पसरून रोट खाल्ला. त्याला रोट कधीच आवडत नसे.

पुढे गोळीचा जोर ओसरला. माघात तो क्षयाने वारला. पुढच्या श्रावणात पितांबर आबांनी त्याच्या नावाची मूठ काढली नाही. मेलेल्याची काढत नाहीत.