बोर्डावरची आक्काताई

सोनमच्या हातून एकच खोटी जाहिरात झाली, पण त्या जाहिरातीनं घरातल्याच माणसाच्या तोंडाला काळं फासलं. त्याचा सूड सोनमनं कसा उगवला, ते ऐका.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका जाहिरात कंपनीत ती मजकूर लिहायची. इचलकरंजीच्या अलीकडं अमरसिंहांचा कापड रंगवायचा कारखाना. तिथलं पाणी खालच्या ओढ्याला जायचं. ओढा आज लाल तर उद्या निळा, गावाला बारमाही रंगपंचमी! अमरसिंह म्हणाले, पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलंय, आता झकास जाहिरात करा. सोनमनं ओळ लिहिली, ‘आमचा ओढा पुन्हा गोड झाला.’ फोटोला बाई पाहिजे होती, तर त्याच ओढ्याकाठची आपली आत्ती, आक्काताई, तिनं उभी केली. फोटो मात्र पार आजऱ्याकडच्या झऱ्यावर निघाला. “इकडं ऊन बरोबर पडत नाही,” असं कंपनीचा मालक यशराज म्हणाला आणि हिनं ते मानलं. शिकल्या-सवरल्या पोरीला एवढं कळू नये, काय म्हणावं!

रस्त्यावर भला मोठा बोर्ड लागला. आक्काताई जन्मभर म्हशीला हापशाचं पाणी पाजत आलेली. पण भाचीनं लिहिलंय म्हणजे खरंच असणार, त्यात त्या दिवशी पाणीही जरा निवळ दिसलं, म्हणून तिनं म्हस ओढ्यावर नेली. तिचं बघून शेजारणींनीही जनावरं नेली. दुसऱ्या दिवशी म्हस वैरणीला तोंड लावेना, तिसऱ्या दिवशी गेली. शेजारणींची चार गेली. मग बुद्धविहारात आक्काताई बसली की बाजूची बाई उठायची. “बोर्डावर हसतीयास की! काय मिळालं गं?” असं एकीनं तोंडावर विचारलं.

“माझी म्हस गेली ते सोसलं मी,” आक्काताई सोनमला म्हणाली. “पर त्यांची जनावरं माझ्या तोंडाकडं बघून गेली गं. आता हे तोंड घिऊन कुठं जाऊ?”

सोनम ऑफिसात गेली आणि जुने मेल उघडून बसली. कारखान्याकडून आलेला एक सापडला, ‘यंत्राला अजून वर्ष आहे, तोवर जाहिरात सोडा.’ खाली यशराजचं उत्तर, ‘इथला ओढा दाखवता येणार नाही, आजऱ्यात शूट करू.’ तिच्या अंगाचा तिळपापड झाला. राजीनामा? छे! राजीनाम्यानं त्यांच्या बापाचं काय जाणार होतं? ती गोड हसत महिनाभर तिथंच राहिली. मेलच्या प्रती काढल्या, ओढ्याचं पाणी तपासून घेतलं, आणि वाट बघत बसली.

वाट बघायचं फळ मिळालं. त्याच जाहिरातीला पर्यावरणाचं बक्षीस लागलं! यशराजला कल्पना सुचली, की आक्काताईनं स्टेजवर अमरसिंह साहेबांना तांब्यातलं पाणी द्यावं. आल्या पावण्याला आधी पाणी, ही आपली रीत. फोटो फक्कड येईल. “व्हय सर, करते की सगळी तयारी,” सोनम म्हणाली.

समारंभाला हॉल गच्च भरला, पुढं पत्रकार. आक्काताईनं फुलपात्र भरून अमरसिंहांच्या हातात दिलं. पाणी फिकट जांभळं आणि वास तिसऱ्या रांगेपर्यंत. सोनमनं माईक घेतला. “हे पाणी आक्काताईंनी आज सकाळी साहेबांच्या कारखान्याखालच्या ओढ्यातनं आणलंय. गोड झालेलं.”

अमरसिंहांचा हात तोंडाजवळ जाऊन थांबला. शेवटी साहेब कसंनुसं हसून म्हणाले, “आज गुरुवार. माझा उपास आहे.”

“आमी बौद्ध, सायेब. उपासातलं आमाला काय कळतंय?” आक्काताई शांतपणे म्हणाली. “पर उपासाला पाणी चालतंय, एवढं ठावं हाय की! प्या.”

हॉल खो खो हसला. मागनं कोणीतरी ओरडलं, “प्या की वो!” पात्र खाली ठेवताना पाणी सांडून साहेबांचा पांढरा शर्ट जांभळा झाला. तोवर सोनमनं मेल आणि तपासणीचे कागद पत्रकारांच्या हातात दिले होते. त्या घटकेला तिला जो आनंद झाला, त्याची तिला आजही लाज वाटत नाही.

नोकरी त्याच दिवशी गेली. वकिलाची नोटीस आली. पण पेपरात सगळं छापून आलं, चौकशी लागली आणि कारखान्याला कुलूप पडलं. मग एके दिवशी अमरसिंह स्वतः आक्काताईच्या दारात आले. सोनम तिथंच होती.

“आक्का, नवी म्हस बांधतो दारात. तो बोर्डही उद्या उतरवतो. पण आता मिटवा.”

“म्हसरं शेजारणींच्या दारात बांधा, माझ्या नगं,” आक्काताई म्हणाली. “आणि बोर्ड उतरवू नगा. नुस्तं माझं तोंड काढा आन् तुमचं लावा. पाच जनावरं कुणी मारली, ते खाली आमची सोनम लिवंल.”