डाव्या हाताचं विमान

शत्रूंनी भरलेल्या आकाशातून एकही गोळी न झाडता पार होऊ पाहणारा माणूस अख्ख्या ठाण्यात एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा! वर्तकनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी हे महायुद्ध चालतं. आत्याच्या मुलाने टीव्हीला जोडायचा जुन्या खेळांचा डबा आणून दिला, डब्यावरच दांडा आणि बटणं. त्यात आतोबांना त्यांच्या तरुणपणचा विमानाचा खेळ सापडला. खेळ महाबिलंदर. विमान डावीकडून उजवीकडे जातं, समोरून गोळ्यांचा नुसता मारा, आणि जरा कुठे धक्का लागला की कमावलेली सगळी शस्त्रं जाऊन पुन्हा मागून सुरुवात. आतोबा डाव्या हाताने दांडा धरतात आणि नुसतं चुकवत राहतात. उजवा हात मांडीवर. बटणाला बोटसुद्धा लावत नाहीत.

“अहो, मारा की एखादी! किती ती अहिंसा?” आत्या स्वयंपाकघरातून ओरडते.

“ते माझं काम नाही,” आतोबा म्हणतात.

मंडईतही तेच. गर्दीतून असे सटकतात की कुणाला कोपर लागणार नाही, पण घासाघीस करायची वेळ आली की हे दोन पावलं मागे. सोफ्यावर कायम डाव्या टोकाला. एकदा मी त्यांच्या उजवीकडे टेकलो, तर म्हणाले, “तू जरा खुर्चीत बस ना रे.” मला रागच आला, खोटं कशाला सांगू!

मग आत्यानेच सांगितलं. कॉलेजात असताना शहाडच्या गेम पार्लरमध्ये हे आणि यांचा जिवलग मित्र एकाच मशीनपुढे उभे राहायचे. हे डावीकडे, विमान चालवायला. तो उजवीकडे, गोळ्या मारायला. खेळाच्या शेवटी येणारा राक्षस दोघांना कधी दिसलाच नाही. पार्लर बंद पडलं, दोघांची लग्नं झाली, आणि हा डबा घरात आला तोवर मित्राला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवा हातच गेला.

“मग डबा घेऊन शहाडला त्यांच्याकडे जा ना, आतोबा,” मी म्हटलं.

“आणि त्याला वाईट वाटलं तर?” ते म्हणाले. एवढ्यासाठी हा माणूस चार महिने एकटाच गोळ्या चुकवत बसला होता.

गेल्या रविवारी मीच त्यांना गाडीत घालून नेलं. मित्र पलंगावर उशीला टेकून बसलेले. आतोबा त्यांच्या डावीकडे बसले, डबा टीव्हीला जोडून मध्ये ठेवला आणि मित्राचा तो उजवा हात उचलून बटणावर ठेवला. विमान निघालं. आतोबा जीव तोडून चुकवत होते.

“मार रे,” ते हळूच म्हणाले.

“थांब... येतंय,” मित्र जड जिभेने म्हणाले.

आमचं पहिलं विमान फुटलं. दुसरं फुटलं. तिसऱ्या खेपेला मित्राचं बोट हललं आणि एक गोळी सुटली. कुणालाही लागली नाही, सरळ पडद्याबाहेर निघून गेली. दोघं इतके हसले की आमचं विमान कधी फुटलं ते कळलंच नाही.

डबा मित्राकडेच ठेवून निघालो. वर्तकनगरला उतरताना आतोबा एवढंच म्हणाले, “पूर्वी धडाधड मारायचा रे.”