सुकलालचा राग

"बेन, आनुं मगज फरी गयुं छे! डोकं फिरलंय याचं, मारामारी करतो. गोळ्या द्या, नाहीतर काढून टाकतो," सुरतेजवळच्या पलसाण्यातल्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग युनिटचा मॅनेजर थंडपणे म्हणाला. ऑपरेटर सुकलाल मान खाली घालून उभा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मानसोपचारतज्ज्ञ, उधन्याला माझं क्लिनिक होतं.

मॅनेजरला बाहेर बसवलं आणि विचारलं, "कुणाला मारलंस?"

"मना हात उठना नही, ताई," सुकलाल अहिराणीत म्हणाला. मग तोंडाचा पट्टा सुटला. जेट मशीन म्हणजे दाबाखाली उकळत्या रंगात कापड फिरवणारं मशीन. त्याच्या झाकणाचं वाफ अडवणारं पॅकिंग गेलं होतं. वाफ सुटून जोडीदाराचा हात भाजला. तीनदा सांगूनही कुणी ढुंकून बघितलं नाही, म्हणून हा ऑफिसात शिरला, टेबलावर मूठ आपटून ओरडला. बस्स, एवढीच ती मारामारी!

राग ही भावना आहे. आक्रमकता म्हणजे समोरच्याला इजा करायला उठलेलं वागणं. उपचार लागतो तो त्या वागण्याला. मी केस पेपरवर लिहिलं: राग आहे, आक्रमकता नाही, औषध नको.

मॅनेजर वाचून हसला. "राग छे ने? मग गोळी द्या. गोळी नाही, तर नोकरी नाही."

सुकलालच्या घरी, डिंडोलीत, तीन मुली होत्या. "द्या ताई, खाऊन घेईन," तो काकुळतीला आला. आणि मी शेण खाल्लं. शांत करणारी गोळी लिहून दिली, तीही पुन्हा पुन्हा. मॅनेजरचा फोन आला, "एकदम सरस, बेन! गरीब गाय झाला."

चौथ्या महिन्यात त्याची बायको रडत आली. मी तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. सुकलालचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बँडेजमध्ये होता. बोटं पुन्हा वळतील असं तिथले डॉक्टर म्हणत नव्हते.

"तेच झाकण?"

"हो. आठ दिवस पुन्हा वाफ सोडत होतं."

"अरे, मग ओरडला का नाहीस?"

"दिसत होतं, ताई. पण रागच येत नव्हता."

गोळी मी हळूहळू बंद केली. नोकरी तशीही गेली. मालकाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. भडकलेल्या माणसाला शांत करण्याआधी तो कशावर भडकलाय ते जाऊन बघावं, एवढं शिकले. पलसाणा बसने तासाभरावर होतं. मी गेले नव्हते.