चाळीस जादा बाक

तांडेल कुठल्याही लाकडी वस्तूपाशी गेले की आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करीत आणि मान तिरकी करून ऐकत. टेबल, फळा, कपाटाचे दार, कोणाचीही सुटका नसे. एकदा त्यांनी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची खुर्ची वाजवली. अध्यक्ष तेव्हा खुर्चीत बसलेले होते. "पाठ बरी हाय, पाय कुजलाय," असा निकाल तांडेलांनी दिला आणि अध्यक्षांनी दचकून धोतर सावरत स्वतःचा पाय पाहिला.

गॅलरीतली ती विजोड पायांची खुर्ची टाकून का देत नाहीस, असे तुम्ही दोघा भावंडांनी फोनवर विचारलेत. उत्तर फोनवर मावणारे नाही, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत अधीक्षक होते. कचेरी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोजवळ होती आणि शाळा पाच : ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण आणि विठ्ठलवाडी. पाचही शाळांतल्या सामानाची दुरुस्ती तांडेलांकडे होती. ते खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. त्यांचे वडील होड्या बांधत, हेही लहानपणी तेच शिकले, पण नोकरीत नशिबी आले बाक. त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू'. मला, अध्यक्षांना, तपासणीला आलेल्या साहेबांनाही. बाकीचे मला मॅडम म्हणत, तांडेल 'बाय' म्हणत. लांबलचक फळी घेऊन ते शीळफाट्यामार्गे एसटीने कल्याणला जायचे आणि वाटेत कंडक्टरशी भांडायचे.

"अहो मामा, ही फळी टपावर टाका."

"टपावर तू बस. हिला ऊन लागलं तं वाकल."

मला शिस्त आवडते. तुमच्या खेळण्यांच्या खोक्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आठवते ना? तेव्हा संस्थेने कॉम्प्युटर घेतला, याचा सर्वांत मोठा आनंद मला झाला. डोंबिवलीच्या मृणाल नावाच्या चुणचुणीत मुलीने आमच्यासाठी प्रोग्राम लिहिला. पाच शाळांची पाच जाडजूड रजिस्टरे गेली आणि सगळे एका जागी आले. कुठला बाक कुठल्या वर्गात, कुठला पंखा कधी दुरुस्त केला, कुठल्या नळाची तक्रार तिसऱ्यांदा आली, बटण दाबले की हजर. प्रत्येक वस्तूला नंबर आणि त्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला. वस्तू मोडीत काढली की तिच्यापुढे 'निकामी' अशी नोंद. निकामी वस्तू वर्गात ठेवायची नाही, तोडून भंगारात द्यायची, हा नियम मीच लिहिला आणि खाली सहीही मीच ठोकली.

तांडेलांनी कॉम्प्युटरवर टकटक केली. "आतून पोकल हाय, बाय."

"अहो, त्यात पाचही शाळा मावल्यात!"

"मंग दाटीवाटीनं बसल्या असतील."

पहिल्या मोजणीला मृणाल आणि मी शाळाशाळांतून फिरलो. सामान कमी भरेल, अशी मनाची तयारी केली होती. चार शाळांत अगदी काटेकोर जुळले. विठ्ठलवाडीला चाळीस बाक जादा भरले. हरवलेली वस्तू कशी शोधायची, ते मला ठाऊक होते. जादा झालेल्या वस्तूचे काय करायचे, ते कोणीच शिकवले नव्हते.

मृणाल एका बाकाखाली वाकली आणि तशीच राहिली. "मॅडम, याला दोन बिल्ले आहेत."

शेजारच्याला तीन होते. एक ठाण्याचा, एक कळव्याचा, एक कल्याणचा. कचेरीत येऊन ते नंबर घातले, तर कॉम्प्युटर टूंटूं करून कोकलायला लागला. सगळे निकामी यादीतले!

"सिस्टीम घेतच नाहीये," मृणाल हसू दाबत म्हणाली. "मोडीत निघालेल्या बाकांवर अख्खी तिसरी ब बसलीय, हे तिला पटतच नाहीये."

मी तांडेलांना बोलावले. "हे बाक कुठून आले?"

"मी बांधले."

"कशातून?"

"तू मोडीत काडलंस त्याच्यातून. एक पाय मोडला का तू सगला बाक मोडीत काडतेस. उद्या तुझा पाय मोडला तं?"

मृणाल तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली.

"आणि हे तीन-तीन बिल्ले कशाला ठेवलेत? काढून टाकले असतेत तर कोणाला कळलेसुद्धा नसते!" अधीक्षकाच्या तोंडून हे काय बाहेर पडले, ते मला नंतर कळले.

तांडेल माझ्याकडे बघतच राहिले. "ज्याचं लाकूड त्याचं नाव नको? आनि विठ्ठलवाडीची पोरं तरटावर बसत व्हती, बाय. थंडीत खालची फरशी चावते."

आता माझे हसू विरले. तांडेल महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि सामान यादीशी जुळल्याशिवाय त्यांचे कागद पुढे सरकणार नव्हते. जुळवायचे तर माझ्याच नियमाने चाळीस बाक तोडायचे आणि तिसरी ब पुन्हा तरटावर.

"माझे कागद ऱ्हाऊ दे," तांडेल म्हणाले. "बाकांना हात लावू नको."

आठ दिवसांनी समितीची बैठक भरली. अध्यक्ष म्हणाले, "लेलेबाई, नियम तुमचा. आता तुम्हीच सांगा." मी उठले आणि तांडेलांना आत बोलावले. ते आले, दार वाजवून पाहिले आणि उभे राहिले.

"आमच्याकडं होडी जुनी झाली का तिच्या बऱ्या फल्या काडून नव्या होडीला लावताव. नारल फोडला का ती होडी नवी. मंग जुनी होडी पान्यात हाय, असं कोन बोलत नाय."

"मग तू नारळ फोडलास का?" अध्यक्षांनी विचारले.

"चालीस बाकांना चालीस नारल. तू देतोस?"

अध्यक्ष इतके हसले की चष्मा ताकाच्या पेल्यात पडला. नारळ फोडून हे चाळीस बाक नवे म्हणून यादीत घ्यायचे, असा ठराव तिथेच झाला, आणि माझा हात सर्वांत आधी वर गेला.

सोमवारी विठ्ठलवाडीच्या शाळेच्या पटांगणात चाळीस बाक रांगेने मांडले. पालकांनी घरटी एक नारळ आणला होता. पहिला अध्यक्षांनी फोडला, निदान तीनदा प्रयत्न तरी केला, चौथ्यांदा तांडेलांनी. त्यानंतर कोणी कोणाचे ऐकले नाही. गुरुजी फोडत होते, आया फोडत होत्या. पाण्याने माझी इरकली साडी चिंब झाली. तिसरी ब खोबऱ्याने गाल फुगवून बाकाबाकांवरून उड्या मारत होती आणि तांडेल त्यांच्यामागे ओरडत होते, "उडा, उडा! बगू कंचा हलतो!" एकही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोंदी करायला बसले. खरेदीच्या तारखेच्या रकान्यात नारळाची तारीख घातली. पुढे प्रोग्रामने विचारले, विकत की देणगी? देणगी. देणगीदाराचे नाव? मी तांडेलांचे नाव घातले.

"काय लिवलंस?" मागून आवाज आला. मी वाचून दाखवले.

"पूस ते. मी काय दिलं? लाकूड त्यांचं."

मी ते पुसले आणि तिथे लिहिले, 'जुने बाक'. कॉम्प्युटरने टूं केले नाही. चाळीसही वेळा निमूटपणे मान्य केले. मग मी माझ्या नियमात एक ओळ वाढवली : मोडीत काढण्यापूर्वी वस्तू वाजवून पाहावी. मुख्याध्यापकांचे फोन आले, वाजवून म्हणजे नक्की कशी? मी फोनवरच टेबलावर टकटक करून दाखवली.

कागद हातात पडले, त्या दिवशी तांडेलांनी जाता जाता माझे टेबल वाजवले. कॉम्प्युटरही वाजवला. "अजून पोकल," म्हणाले आणि गेले.

काही वर्षांनी मी निवृत्त झाले, तेव्हा तांडेल रिक्षातून ही खुर्ची घेऊन माझ्या घरी आले. चार पाय चार शाळांचे, बसायची फळी पाचव्या शाळेची. नारळ त्यांनी आमच्या जिन्यातच फोडला आणि पायऱ्या ओल्या झाल्या म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी आम्हा दोघांनाही झापले. "बस, बाय," तांडेल म्हणाले. मी बसले नाही. आधी पेराने टकटक केली आणि मान तिरकी करून ऐकले. तेव्हा ते जे हसले, तसे हसताना मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

तांडेल जाऊन आता बरीच वर्षे झाली. तुम्ही मे महिन्यात याल, तेव्हा आधी खुर्ची वाजवून बघा. मग खाली वाकून बिल्ले मोजा. पाच भरले पाहिजेत. विठ्ठलवाडीचा फळीच्या खाली आहे, उजव्या हाताला.