दुसऱ्या बिशपांची डोली

शनिवार, १२ डिसेंबर १९९८. जव्हार, मिशनच्या वसतिगृहाचं ऑफिस. हजर: फादर, मोठ्या सिस्टर, वसतिगृहाची क्लार्क म्हणजे मी, आणि चहापुरत्या स्वयंपाकाच्या मावशी. ड्रायव्हर गैरहजर, तो जीपचं चाक काढून बसला होता.

विषय एकच होता. आमची डोंगरातली मिशनं ज्या जुन्या धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपांच्या हद्दीत, होती तो बंद होऊन त्याची वाटणी झाली होती आणि आम्ही नव्या धर्मप्रांतात गेलो होतो. नवे बिशप पहिल्यांदा भेटीला येणार म्हणून एक छोटी पुस्तिका काढायची होती, तिच्यात जुन्या धर्मप्रांताचा इतिहास हवा होता. इतिहासात काय लिहायचं हे कोणीच सांगेना, तेव्हा काम माझ्याकडे आलं. मी ख्रिस्ती नाही. वडील पोशेऱ्याला भातशेती करत, मी टायपिंग शिकून या ऑफिसात लागले. पण कोणत्या बिशपांनंतर कोण आले हे मला फादरांच्या आधी सापडायचं, कारण फायली मी लावलेल्या होत्या.

मी तक्ता करून आणला होता. पाच बिशप, त्यांच्या कारकिर्दी, आणि शेवटचा रकाना ‘आपल्या भागात केव्हा आले’. तो जवळजवळ रिकामा होता.

“दुसऱ्या बिशपांसमोर रेघ मारा,” फादर म्हणाले. “ते कशाला इकडे येतात! तेव्हा रस्ता तरी होता का?”

मावशी कप ठेवत होत्या. “आलं व्हतं ना. सूर्यमाळला. चढावर पाय मुरगळला त्यांचा, मंग आमच्या लोकांनी डोली केली. माझा बाप पुढच्या खांद्याला.”

“तुम्ही बघितलंत?” सिस्टरांनी विचारलं.

“मी कुठून बघते! मी आयेच्या अंगावर पीत व्हते. त्याच दिवशी माझ्या डोक्यावर पाणी घातला. आय सांगायची, तू बिशपाची दाढी धरलीस ती सोडीनास.”

“तरीच,” फादर म्हणाले. “अजून कोणाला सोडत नाही तुम्ही.”

सगळे हसले. मी हसता हसता तक्त्याकडे पाहिलं आणि थांबले. मावशींचं सेवापुस्तक त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आलं होतं. त्यातल्या जन्मतारखेप्रमाणे मे महिन्याअखेर त्यांना साठ पुरी होऊन त्या निवृत्त होणार होत्या. पण दुसरे बिशप गादीवर आले तेव्हा, त्याच तारखेप्रमाणे, मावशी आठ वर्षांच्या होत्या. आठ वर्षांची मुलगी आईच्या अंगावर पीत नाही.

ती तारीख मीच लिहिली होती. मावशी कामाला लागल्या तेव्हा मी नवी होते आणि माझ्यापुढे फॉर्मचा गठ्ठा होता. त्यांच्या कडेवर तिसरं मूल, गालफडं बसलेली, कपाळावर पांढरे केस. मी म्हटलं, “चाळीस असतील ना?” त्या म्हणाल्या, “असतील.” मी चाळीस वजा केले आणि एक जून टाकला.

आता त्यांची धाकटी मुलगी नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. नवरा गेलेला. मावशींची नोकरी गेली की मुलगी परत येणार, हे त्यांनी आम्हाला दिवाळीतच सांगितलं होतं, अगदी शांतपणे, भाकरी उलटताना. माझ्या चुकीमुळे ते घडणार होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी तिथंच सांगितलं.

मावशींनी हातातला कप खाली ठेवला. “म्हणजे मी म्हातारी नाय?”

“नाही.”

“मंग गुडघं कशाला दुखतात?”

पुरावा हवा होता. दुसऱ्या बिशपांच्या काळात डोंगरात स्वतंत्र चर्च नव्हतं. किनाऱ्यावरच्या एका जुन्या चर्चमधून फादर चालत वर येत आणि स्नानसंस्कारांची, म्हणजे बाप्तिस्म्यांची, नोंद परत गेल्यावर तिथल्या वहीत करत. हे मला तक्ता करतानाच कळलं होतं. गुरुवारी जीपला चाक लागलं. फादर आणि मी घाट उतरून गेलो.

तिथल्या कपाटात नऊ वह्या होत्या, कसरीनं खाल्लेल्या. बिशप भेटीला आले की वहीत सही करून शिक्का मारत. माझ्याकडच्या तक्त्यावरून पहिल्या तीन वह्या बाजूला ठेवल्या, चौथीत शिक्का सापडला. पुढच्या पानावर सूर्यमाळ. एका दिवशी तेवीस नावं, सगळी लॅटिनमध्ये, घरी कोणी कधी न वापरलेली, म्हणून ओळख आईबापांवरूनच पटवायची. फादर बोट ठेवून वाचत होते, मी मावशींच्या आईवडिलांची नावं कागदावर धरून बसले होते.

“सापडलं,” फादर म्हणाले. “बाप तोच, आई तीच. मुलगी. वय...” ते थांबले. “सहा वर्षं.”

सहा वर्षं म्हणजे मावशी कागदापेक्षा जेमतेम तीनेक वर्षांनी लहान. मुलगी शिकून कमावती होईपर्यंत तेवढं पुरलं नसतं. पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि तेव्हा आठवलं, मावशींची थोरली बहीण मोखाड्याला दिली होती.

“फादर, खालची ओळ वाचा.”

खालची ओळ त्याच आईबापांची होती. मुलगी. वय आठ महिने.

फादरांनी वही मिटली नाही, चष्मा काढून ठेवला. दाखल्याची प्रत तिथल्या फादरांनी लगेच करून दिली, सही-शिक्क्यासकट.

परतल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले. “मावशी, अजून नऊ वर्षं भाकऱ्या थापायच्यात तुम्हाला.”

“बाई, ही खुशखबर की शिक्षा?” असं म्हणून त्यांनी पिठाचा हात तोंडावर घेतला, आणि मग पाठ फिरवून चुलीशी बराच वेळ काहीतरी करत राहिल्या.

अर्ज मी लिहिला, चूक माझी आहे असं पहिल्याच वाक्यात. जिल्ह्याच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. मार्चमध्ये दुरुस्ती मंजूर होऊन आली आणि मी सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद केली. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. मावशींची मुलगी पुढे नर्स झाली, मावशी त्यानंतरही चार वर्षं आमच्याकडे होत्या.

पुस्तिका वेळेवर निघाली. पण त्या चौथ्या वहीतली डोंगरातल्या पाड्यांची नावं उतरवून जव्हारला ठेवायची असं तेव्हाच ठरलं होतं, कारण किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये आता कोणी ती वही उघडत नाही आणि ती पानं टिकणार नाहीत. सूर्यमाळचं पान झालं. वावर गावाकडची अकरा पानं उतरवायची राहिली आहेत.