सलीमभाईंचा पहिला नंबर

माळा आवरताना जपानी फुटबॉल लीगच्या व्हिडिओ गेमची कॅसेट सापडली. तिला अजून बहरीनच्या आमच्या खोलीतल्या कालवणाचा वास येतो, की मलाच तसं वाटतं?

रत्नागिरीचे सलीमभाई माझे रूममेट. दर शुक्रवारी आम्ही हा गेम खेळायचो. अक्षरं सगळी जपानी, त्यामुळे कितव्या ओळीवर बटण दाबायचं तेवढं पाठ केलेलं. व्हिसा संपून ते गावी निघाले तेव्हा कॅसेटमध्ये साठवलेल्या आमच्या लीगमध्ये त्यांचा संघ पहिला होता. “पुसू नको हां. इंशाल्ला, येऊन पुढची मॅच खेळतो,” म्हणाले.

पुढच्याच शुक्रवारी माझी एक ओळ चुकली आणि सगळं पुसलं गेलं.

त्यांच्या प्रत्येक पत्रात शेवटी असायचं, “पहिला नंबर आहे ना?” मी लिहायचो, “आहे.” त्यांचा नवा व्हिसा निघालाच नाही. पत्रंही थांबली.

त्यांच्या खाटेवर दुसऱ्याच आठवड्यात नवा माणूस आला होता. तेही मी कधी कळवलं नाही.