महजूबा आणि कारखान्याचा भोंगा

आमच्या गल्लीत महजूबाला नुसता सलाम करायचीही सोय नाही. लगेच डोळे बारीक करते. "आज बरी आठवण झाली? काय हवंय?" पुदिन्याची जुडी दिली तर आधी उलटीपालटी करून बघते, मग घेते. सारा जन्म शेजारात काढला मी, तरी तिच्याकडे साखर मागायला गेले की माझी झडती होते.

पण तिला तरी काय बोलायचं! आम्ही दोघी कारखान्यात सार्डिन मासळीचे डबे भरता भरता म्हाताऱ्या झालो. आमच्या या सफी शहरात तेव्हा कारखान्यागणिक वेगळा भोंगा होता. बंदरात मासळी उतरली की भोंगा व्हायचा, आणि आवाजावरून आपला कारखाना ओळखून बायका धावत सुटायच्या. परातीत कणीक तशीच, पोर पाळण्यात तसंच. पुढे मासळी दक्षिणेला सरकली आणि एकेक भोंगा गप्प झाला. मग आले गोड बोलणारे. एकजण कारखाना पुन्हा चालवतो म्हणाला आणि आतली यंत्रं भंगारात विकून पसार झाला. दुसऱ्याने फाटकाला नवं कुलूप लावलं, ते लावलंच. तेव्हापासून महजूबाने कानाला खडा लावला.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्याच कारखान्याला रंग लागला. तशी सगळ्या शहरालाच रंगरंगोटी चालली होती. बंदराचा रस्ता नवा झाला, कुंभारांच्या टेकडीवर दिवे लागले, सफीचे दिवस पालटले म्हणून रेडिओ घसा फोडत होता. नव्या कंपनीने पाटी ठोकली आणि सांगितलं, वसंतात काम सुरू, बायका हव्यात.

महजूबाची लेक रहमा नवऱ्याने टाकलेली, पदरात चिमुरडी शामा. स्ट्रॉबेरी तोडायला स्पेनला जायचं तिचं ठरलेलं. तिथे लेकरू घरी असलेलीच बाई आधी घेतात, म्हणजे हंगाम संपला की ती मुकाट परत जाते. रहमा म्हणाली, "आई, मी नाही जात. इथे काम मिळतंय तर पोरीला टाकून कशाला जाऊ?"

"मिळतंय? कुणी पाहिलंय? भिंतीला चुना फासला म्हणजे कारखाना झाला होय गं?"

"तुला सगळे चोरच दिसतात."

"असतात म्हणून दिसतात! उद्या तिथे पाहुण्यांसाठी हॉटेल काढतील, आणि स्पेनची जागाही जाईल. मग बस मला दोष देत."

रहमा ऐकेना. दोघी आठवडाभर एकमेकींशी भांडी आपटून बोलत होत्या.

अशात एका सकाळी भोंगा झाला. आमचाच! काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या. गल्लीतली यच्चयावत बाई धावली, कुणी एका पायात चप्पल घालून. आणि सगळ्यांच्या पुढे कोण, तर महजूबा! जुना एप्रन बांधत, हातात मासळीची मुंडकी छाटायची कात्री घेऊन, धापा टाकत.

फाटकावर पहारेकरी बूशाइब पोट धरून हसायला लागला. "अगं बायांनो, भोंगा दुरुस्त केलाय. वाजतो का ते बघत होतो. मासळी कुठली आलीय इतक्यात?"

शिडीवरचे रंगारीही दात काढत होते. महजूबाचा चेहरा पांढराफटक पडला. मेल्यांच्या मुस्कटात द्यावी असं मला वाटलं. ती मात्र एप्रन सोडून तडक घराकडे वळली. घरात शिरल्यावर रहमाला म्हणाली, "मन भरलं? आता बॅग भर."

आईची भर रस्त्यात झालेली शोभा बघून रहमाने बॅग भरली. ती गेली. शामा झोपेत असताना गेली, आणि पुढे किती तरी दिवस ते लेकरू उठलं की आधी दाराशी जाऊन उभं राहायचं.

वसंतात पुन्हा भोंगा झाला. आम्ही दारात आलो तर महजूबा गल्लीच्या तोंडाशी हात पसरून उभी. "खबरदार कुणी गेलात तर! पुन्हा हसं करून घ्यायचंय?" एकीनेही पाय उचलला नाही. मीसुद्धा परत कणकेला बसले.

दुपारी वास आला. वाफेवर शिजलेल्या सार्डिनचा. केसांत बसला की आठ दिवस निघत नाही असला तो वास, जन्मभर शिव्या दिल्या आम्ही त्याला. महजूबा कपडे वाळत घालत होती, ती तिथेच थबकली. मग मला न बोलावताच कारखान्याकडे चालू लागली. मी मागोमाग पळाले.

"आत्ता आलात?" बूशाइब म्हणाला. "टेकडीवरच्या बायका सकाळीच आत गेल्या. तुमच्या गल्लीतून चिटपाखरू नाही! चार जागा उरल्यात अजून, पण तरण्या हव्यात. तुझी रहमा कुठाय?"

"आधी डबा दाखव," महजूबा म्हणाली.

त्याने आतून एक आणून दिला. तिने तो गालाला लावला. गरम होता.

संध्याकाळी तिने माझ्यासमोरच रहमाला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू येत होतं.

"रहमा, कारखाना सुरू झाला गं. खरंच. तू ये."

पलीकडून रहमा म्हणाली, "आई, शामाला काय झालंय?"

"काही नाही झालं! खेळतेय."

"मग दे तिला फोन."

"ती बाहेर आहे, पोरांत."

"बघ, देत नाहीस. आजारी आहे ना? का तुझ्याच्याने होत नाही आता तिचं?"

"अगं अल्लाशपथ! मी या हातात डबा धरला, गरम होता."

"एक डबा काय, कुणीही दाखवेल. कुठून तरी आणून गरम केला असेल." रहमाचा आवाज थंड होता. "नको आई. मी पुढच्या हंगामालाही हो म्हटलंय. इथलं काम निदान डोळ्यांना दिसतं."

फोन बंद झाला. महजूबा तो मांडीवर धरून किती तरी वेळ बसली. मग माझ्याकडे वळून अगदी कळवळून म्हणाली, "तामो, एवढी संशयी कशी गं झाली माझी पोर?"

एरवी माझं तोंड कुणाच्या बापाला आवरत नाही. तेव्हा मात्र मी उठून शामाला जेवायला हाक मारली.